चिंच, राख आणि मोटारीचं दार

थिनरचा वास आला की बंगळुरातल्या बसवनगुडीतल्या एका बंगल्याचं अंगण आठवतं. माझे वडील, अप्पा, मोटारी रंगवायचे, आणि दसऱ्यातल्या आयुधपूजेच्या तीन दिवस आधी त्यांना तिथं बोलावणं आलं. कॉलेजला सुट्टी होती म्हणून मीही गेलो. साहेब आमच्यासारखेच मराठी बोलणारे. पूजेला गाडी नवी दिसावी म्हणून दारावरचा बारीक ओरखडा त्यांनी स्वतः चिंच-राखेनं घासला होता, देवाची पितळी भांडी घासतात तसा. ओरखडा राहिलाच, वर परातीएवढा रंग उडाला. अप्पांनी दोन दिवस उकिडवं बसून ओला पॉलिशपेपर चालवला, रंगाचे हात दिले, दार काळंभोर केलं. पूजेला आलेले शेजारी ते निरखू लागले, तेव्हा साहेब हसत म्हणाले, "यानंच बिघडवलं होतं हो, यालाच निस्तरायला लावलं!" मजुरांच्या हक्कांची पत्रकं वाटणारा मी, उसळलो. "खोटं! चिंच तर तुम्हीच..." अप्पांनी माझा दंड आवळला. "सुम्मनिरू, गप्प बस." मग साहेबांकडे वळून म्हणाले, "सरी, बरोबर आहे साहेब, चूक माझीच." वाटेत मला म्हणाले, "त्या गल्लीत अजून सात मोटारी आहेत रे." त्या सातांपैकी एकही त्यांच्याकडे आली नाही, बिघडवल्याचं स्वतः कबूल करणाऱ्याला गाडी कोण देईल? साहेबांवर मी नंतर पुष्कळ लिहिलं, त्यात राग संपला. अप्पांवरचा मात्र अजून संपत नाही, आणि त्यांच्यासमोर जेवायला बसलो की त्या रागाचीच मला लाज वाटते.