अर्धा तांब्या पाणी

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर तर फारच वाईट आहे. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. महालक्ष्मीच्या पापणीची रेघ मी एका श्वासात ओढते, केसाएवढीही हलत नाही. पण तिचं नाव लिहायचं म्हटलं की अक्षरं वाकडी जातात. मुलीच्या वहीची मागची पानं घेतली आहेत. तू जी कोणी वाचशील, तिनं सांभाळून घे.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुला तरी का सांगते — मलाही नीट माहीत नाही.

आमच्या रिठदला भागामावशी म्हणून एक विधवा बाई आमच्या शेजारीच राहते. सख्खी मावशी नाही, पण मी नवीन लग्न होऊन आले तेव्हापासून तिला मावशीच म्हणते. गौरींच्या सणाआधी गावोगावचे लोक आपापल्या महालक्ष्म्यांचे मातीचे मुखवटे तिच्याकडे रंगवायला आणायचे. जुना रंग खरवडायचा, खडूच्या भुकटीचे तीन हात द्यायचे, प्रत्येक हात सावलीत वाळवायचा, चिंधीनं घासायचा. मग अंगाचा रंग, गाल, ओठ. डोळे सगळ्यात शेवटी.

मी तिच्याकडे बसायला जायची आणि हळूहळू शिकत गेले. एक अख्खा पावसाळा तिनं मला खापराच्या तुकड्यांवर नुसती खालच्या पापणीची रेघ काढायला लावली. मग मुखवट्यांचा जोड उपड्या घागरींवर ठेवायची आणि मला खाली, पूजा करणाऱ्या बाईच्या जागी बसवायची.

"कौसे, ह्या दोघी बहिणी एकमेकीले पाहून राह्यल्या. घरच्या बाईनं काय करावं मंग? पुस."

मी पुसायची. पुन्हा काढायची.

"हे तं सासूले भ्यालेली दिसून राह्यली व! पुस."

तीन वर्षं पुसलं. चौथ्या वर्षी एका दुपारी ती मुखवटा अगदी डोळ्यांशी धरून बराच वेळ बसली आणि 'पुस' म्हणाली नाही. मग उठून मला गूळ दिला. त्या दिवसापासून डोळे मी काढू लागले. तिच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. हे फक्त आम्हा दोघींनाच माहीत होतं. रंग ती वासानं ओळखायची, रंग मातीला धरून ठेवणारा डिंक बोटानं.

आम्ही पहिल्यांदा मतं द्यायला गेलो, त्याच सालची गोष्ट. केनवडचे एक कापसाचे व्यापारी आपला जोड न्यायला आले. मी आत, दाराआड. पुरुषमाणसासमोर उभं राहायची माझी छाती नव्हती, अजूनही नाही. शेठनी मुखवटा हातात घेतला आणि विचारलं, "बाई, हे डोळे कोणाच्या हातचे?"

 आता मावशी हाक मारेल असं वाटलं. मी पदरसुद्धा सारखा केला — काय वेडी होते ना मी?

"माह्याच हातचे," मावशी म्हणाली. "दुसरं कोण हाय अठी?"

"अन् आत कोण आहे?"

"शेजारची पोरगी व्हय. डिंक भिजवून देते मले."

डिंक भिजवून देते. चार वर्षं — आणि डिंक भिजवून देते.

तिचं काय चुकलं होतं? डोळे गेल्याचं बाहेर कळलं असतं तर तिची चूल विझली असती. मला हे त्या क्षणीही कळत होतं. न कळून केलं असं म्हणायची सोय मला नाही.

शेठनी कारंज्याच्या आपल्या सोयऱ्यांसाठी सहा जोड सांगितले आणि सगळे पैसे आगाऊ मोजले. पंच्याहत्तर रुपये. दुसऱ्या दिवशी मी बाभळीचा डिंक भिजवून गाळला. मावशीनं नेहमीसारखा थेंब चिमटीत धरला, बोटं उघडली-मिटली आणि म्हणाली, "हाव, झाला." ती रंगाच्या पुड्या घ्यायला वळली.

मी डिंकाच्या भांड्यात अर्धा तांब्या पाणी ओतलं.

एवढंच. आवाजसुद्धा झाला नाही. मी डिंक भिजवणारी ना? मग डिंकाचंच काम केलं. त्या पाण्यात कालवलेल्या रंगानं आम्ही बारा मुखवटे रंगवले. डोळे मीच काढले, आणि जीव लावून काढले. हे कसं सांगू? माझ्या हातून इतके चांगले डोळे त्याआधी कधी उतरले नव्हते.

सण सरल्यावर शेठ बैलगाडीतून बारा मुखवटे परत घेऊन आले. कारंज्याच्या घरी सुनेनं कुंकू लावायला अंगठा टेकला, तर अंगठ्याबरोबर देवीचं कपाळ निघून आलं होतं. खाली उघडी माती. भरल्या घरात, पाहुण्यांसमोर. देवी कोपली म्हणून ती सून दोन दिवस जेवली नाही म्हणे. तिचा तरी काय संबंध होता?

ओट्यावर माणसं जमली. मावशीनं एका मुखवट्याच्या गालावर बोट फिरवलं, मग ते जिभेला लावलं. मी दाराआड होते — माझी तीच जागा. तिनं मान दाराकडे वळवली. तिला मी दिसत नव्हते. तरी तिनं मान वळवली.

मग शेठकडे वळून म्हणाली, "डिंक कमी पडला जी. मीच पाह्यला होता. माह्यंच चुकलं."

पेटीतले चांदीचे गोठ विकून तिनं पंच्याहत्तर रुपये परत केले. मला कोणी काही विचारलं नाही. तिनंही नाही.

मावशीकडे जाणं लोकांनी सोडलं; पुढच्या वर्षीपासून मुखवटे शेजारी, माझ्या दारी येऊ लागले. माझं नाव झालं. डिंकाच्या भांड्याला मात्र मी कोणाला हात लावू देत नाही, मुलीलाही नाही. ती विचारते, काहून व आई? मी रागावते.

दरवर्षी सण झाला की मी मावशीकडे थोडे पैसे घेऊन जायची. कधी पाच, कधी दहा. "तू शिकवलं, त्याचा वाटा," म्हणायची. खरं कारण जिभेवर यायचं — आणि परत जायचं. ती चाचपून घ्यायची. अशी आठ वर्षं झाली. आता आणे जाऊन नवे पैसेही आले, आणि तिला उजेड-अंधारही कळेनासा झाला.

यंदा मी दहा रुपये नेले. तिनं एकेक नोट चाचपली, पदराच्या गाठीत बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

"झाले, कौसे," ती म्हणाली. "पंच्याहत्तर झाले. आता नोको आणू."

मी आकडा तिच्यासमोर कधी उच्चारला नव्हता.  मी उठून घरी आले. तेव्हाही बोलले नाही.