भावेशची सव्वा मूठ

भावेश गेल्याची बातमी मला कुणी सांगितली नाही. मी तिथंच होते, त्याचे पाय माझ्या मांडीवर होते. मला बातमी मिळाली ती नंतर. सुरतेतल्या गोडादऱ्याच्या आमच्या घरी बायका दारावर बसायला येत होत्या, मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते आणि ओट्यावर माझ्या जाऊबाई कुणाला तरी सांगत होत्या, "कानबाईनीच बुद्धी दिधी माय, पोऱ्यानी मूठ लिधी नही ते बरं जयं." पोराची मूठ घेतली नाही ते बरं झालं! मी ऐकलं आणि माझं रडणंच थांबलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात आम्हा खान्देशी लोकांकडे कानबाई देवी बसते. पोटासाठी सुरतेला आलो तरी ती सोबत आली. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, अगदी पाळण्यातल्या पोराच्यासुद्धा. ते रोट मग संपेपर्यंत घरातलीच माणसं रोज खातात. आम्हा बायकांची मूठ नसते. त्याचं मी कधी मनाला लावून घेतलं नाही. आमच्या घरची रीत अशी की ज्यानं त्यानं आपल्याच हातानं मूठ भरायची, आणि जो हजर नसेल त्याची त्याच्या बापानं किंवा भावानं. गेल्या वर्षी भावेशनं आपली मूठ दोनदा भरली होती. पहिल्यांदा गहू कमी आले म्हणून भांडला. "माझा रोट छोटा होईल ना!" सगळं घर हसलं होतं.

त्यानंतर काही महिन्यांतच ताप सुरू झाला. साधा ताप, मग अंगावर निळे डाग, मग रक्ताचा कॅन्सर. सात वर्षांच्या पोराला! डॉक्टर म्हणाले, मुलांमध्ये हा बरा होतो. मी त्या वाक्याला धरून बसले. बरा होतो, बरा होतो... दवाखान्यात तो सिस्टरशी गुजरातीत बोलायचा, शेजारच्या खाटेवरच्या मुलाशी हिंदीत आणि दुखायला लागलं की माझ्याशी अहिराणीत. रक्त काढताना सिस्टर म्हणायची, "मुठ्ठी वाळ, दीकरा." तिनं सांगायच्या आतच हा मूठ वळून हात पुढे करायचा आणि तोंड माझ्याकडे फिरवायचा. सुई निघेपर्यंत मूठ सोडायचा नाही. मोठी माणसं ओरडतात हो तिथं.

आणि ह्याचे पप्पा... खोटं कशाला बोलू, त्यांनी काही कमी केलं नाही. पलसाण्याच्या डाइंग मिलमधली पाळी संपवून हे तडक दवाखान्यात यायचे. भावेशचे केस गळाले त्याच दिवशी स्वतःचं डोकं तासून आले. मिलमध्ये कापडाला जो रंग चालू असेल तो ह्यांच्या नखांत राहायचा. हे आत आले की भावेश आधी हात बघायचा आणि ओरडायचा, "आज लाल!" "आज हिरवा!" ताप असला तरी एवढं ओरडायचं त्राण त्याच्यात असायचंच. ह्या माणसावर मी डोळे झाकून विश्वास टाकला होता. दुसऱ्या कुणावर टाकायचा?

श्रावण आला तेव्हा आम्ही दवाखान्यातच होतो. गहू घ्यायला हे एकटे घरी गेले. निघताना मी बजावून सांगितलं, भावेशची मूठ तुम्ही घ्या, चांगली भरून घ्या. ते परत आले, पण माझ्याशी नजर न मिळवता बाटलीत पाणी भरायला गेले. मला वाटलं, थकलेत. तेवढ्यात भावेशनं मला विचारलं, "मनी मूठ लिधी का वं माय?"

"लिधी ना. पप्पांनी घेतली."

"पप्पांची मूठ मोठी आहे. म्हणजे माझा रोट मोठा."

कानबाईच्या रविवारी डॉक्टरांना विचारून मी गरम रोट डब्यातून नेला. तोंडात फोड आलेले, तरी दुधात कुस्करून थोडा खाल्ला. उरलेला बाजूला सारून म्हणाला, हा पप्पांना. माझ्यातला. आणि ह्यांनी तो खाल्ला हो! खाता खाता खिडकीकडे तोंड फिरवलं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते, मला वाटलं बापाचं काळीज तुटतंय.

दारावरच्या बायका गेल्यावर मी ह्यांना विचारलं. तेव्हा सगळं बाहेर आलं. ह्यांनी गव्हात हात घातला तेव्हा मोठ्या दिरांनी मनगट धरलं होतं. रोट संपायच्या आत पोराचं काही झालं तर ज्याची मूठ तोच नाही, कानबाईला खोट पडेल, मग घरात तिला बसवता यायचं नाही. "आणि तुम्ही?" मी विचारलं. "दादापुढे मी काय बोलणार होतो?" एवढंच. माझं पोर हात पुढे करून सुया टोचून घेत होतं आणि इकडे त्याला मेलेल्यांत धरून मोकळे झाले होते. दिरांचं एक वेळ सोडा. पण बापानं?

आणि भावेश गेला गणपती विसर्जनानंतर. रोट कधीच संपले होते. त्याची मूठ घेतली असती तरी कुणाच्या कानबाईला काही होणार नव्हतं. तो थांबला होता की!

परवा मी दळणासाठी गहू काढत होते. हे मागे येऊन उभे राहिले. वाकून डब्यात हात घातला, मूठ भरली, वर आणखी थोडे गहू घेतले आणि माझ्यापुढे हात धरला. नखांत निळा रंग होता. आज निळा... माझ्या ओठांवर आलं होतं.

"ही त्याची," हे म्हणाले.

"त्यानं विचारलं तेव्हा कुठं होती?"

ह्यांचा हात तसाच राहिला. बोटांमधून गहू डब्यात गळत होते. मी म्हटलं, "मी त्याला हो म्हणून बसलेय. आता नाही म्हणून कुठं सांगायला जाऊ?"