सातवं प्रकरण

नाथाभाऊ बोरसे मनमाडच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर ते नाशिकला, सिडकोत मुलाकडे राहायला आले. पुढे मुलगा योगेश आणि सून तेजस्विनी नोकरीसाठी पुण्याला गेली. बायको आधीच वारलेली. घरात नाथाभाऊ राहिले आणि योगेशचा जुना कॉम्प्युटर राहिला.

कॉम्प्युटर त्यांनी जिद्दीने शिकून घेतला. यंत्राला घाबरणाऱ्यातले ते नव्हतेच. विजेचं बिल उतरवून घ्यायचं, पेन्शनची पावती काढायची, कुणी मेलवर अभंगांची पुस्तिका पाठवली की ती डाउनलोड करून वाचायची, एवढं त्यांना जमू लागलं. जमतं ते सांगायलाही आवडायचं. मनमाडला कुणाचं लग्न असलं की जुन्या सोबत्यांच्या घोळक्यात ते म्हणत, आता माझं सगळं कॉम्प्युटरवरच असतं, कागद म्हणून घरात ठेवत नाही.

हे पुंजातात्यांनी ऐकलेलं होतं. पुंजातात्या आहेर त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. दोघांचे वडील रेल्वेत, दोघं एकाच कॉलनीत समोरासमोरच्या क्वार्टरमध्ये वाढले, एकाच कारखान्यात लागले. निवृत्तीनंतर तात्यांनी रेल्वे कॉलनीच्या आठवणी लिहायला घेतल्या. वहीत लिहायचे आणि मनमाडातल्या एका टायपिंगवाल्या बाईंकडून टाइप करून घ्यायचे. प्रकरण तयार झालं की त्या बाई ते नाथाभाऊंच्या मेलवर पाठवत. तात्यांचं म्हणणं होतं, पुस्तक छापण्याआधी त्या कॉलनीतल्या एका तरी माणसाने ते वाचलं पाहिजे, आणि तो माणूस नाथा.

पहिलं प्रकरण आलं तेव्हा नाथाभाऊंनी चहा बाजूला ठेवला, चष्मा पुसला, फाइल डाउनलोड केली आणि उघडली. पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, मध्येच स्वल्पविराम, मध्येच कंस, डोक्यावर टोप्या घातलेली कसलीकसली चिन्हं. त्यांना वाटलं, उतरवताना बिघडली. त्यांनी ती पुन्हा उतरवली. नव्या नावाने सेव्ह केली, कॉम्प्युटर बंद करून सुरू केला, परत उघडली. तोच कचरा.

त्याच दिवशी पुण्याला फोन लावता आला असता. पण योगेशला काही विचारलं की तो म्हणायचा, बाबा, तुम्ही कशाला त्या फंदात पडता, आणि ते त्यांना लागायचं. तात्यांना सांगावं तर आजवर मारलेल्या बढायांचं काय करायचं? दोन दिवसांनी तात्यांचाच फोन आला. कसं वाटलं, असं त्यांनी जरा भीतभीतच विचारलं. नाथाभाऊ म्हणाले, छान झालंय.

मग प्रकरणं येत गेली. प्रत्येक वेळी नाथाभाऊ फाइल उतरवून बघायचे, ही तरी नीट येईल अशी आशा असायची. प्रत्येक वेळी तीच चिन्हं दिसायची. मग ते फोनवर म्हणायचे, भाषा सुरेख आहे, आपले दिवस डोळ्यांपुढे उभे राहिले. तात्या खूश होऊन तासभर बोलत, आणि त्या बोलण्यावरून प्रकरणात काय असेल याचा नाथाभाऊंना साधारण अंदाज येई. पुढच्या वेळी तोच अंदाज ते मत म्हणून ऐकवत. पुस्तक छापून आलं की निवांत वाचू, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

सातवं प्रकरण पाठवल्यावर मात्र तात्यांनी लगेच फोन केला. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"नाथा, हे नीट वाच. यात तुमच्या घरचं आहे. राहू दे म्हणालास तर राहील, नको म्हणालास तर अख्खं प्रकरण काढून टाकतो. मला काही वाटणार नाही."

नाथाभाऊंच्या डोक्यात वडिलांचं दारूचं आलं. वडील पीत होते, हे कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं. त्यात आता लपवण्यासारखं काय होतं? फाइल उघडून चिन्हं बघण्याचीही तसदी त्यांनी त्या वेळी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला आणि म्हणाले, "वाचलं. राहू दे. खरं आहे ते लिहायला काय हरकत?"

तात्या म्हणाले, "तू मोठ्या मनाचा आहेस."

पुस्तक निघालं. मनमाडच्या एका छोट्या हॉलमध्ये प्रकाशन होतं. नाथाभाऊंना पहिल्या रांगेत बसवलं. त्यांची थोरली बहीण कुसाबाई मालेगावला दिलेली. गुडघ्यांमुळे ती आली नाही, पण तिचा मोठा मुलगा राजू आला होता. भाषणं सुरू असताना नाथाभाऊंनी पुस्तक उघडलं आणि सातवं प्रकरण काढलं.

त्यात वडील नव्हतेच. त्यात कुसाताई होती. मालेगावच्या आधी तिचं एक लग्न झालं होतं, नांदगावच्या बाजूच्या एका खेड्यात. कॉलनीने वर्गणी काढून लावलेलं लग्न. सासूने तिचे हाल केले, उपाशी ठेवलं, उलथन्याने हात डागला. शेवटी सोळा वर्षांचा नाथा एकटाच मालगाडीच्या गार्डच्या डब्यातून निघाला, त्या गावात गेला आणि भरल्या दुपारी बहिणीला हाताला धरून घेऊन आला. तात्यांनी ते जीव ओतून लिहिलं होतं. नाथासारखा भाऊ सगळ्या कॉलनीत नव्हता, असा शेवट केला होता.

कुसाताईच्या नवऱ्याला हे माहीत होतं, आणि त्याने ते कधी उगाळलं नाही. तोही आता नव्हता. मुलांना, सुनांना, नातवंडांना मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. हातावरचा डाग लाडवांचा पाक सांडून पडलेला, असंच त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

नाथाभाऊंनी मागे वळून पाहिलं. राजू पुस्तक पिशवीत घालत होता. उठावं, त्याच्याकडून ते मागून घ्यावं, असं मनात आलं. पण काय सांगून मागायचं? टाळ्या सुरू झाल्या, तात्यांनी त्यांना व्यासपीठावर बोलावलं आणि मिठी मारली. खाली उतरेपर्यंत राजू बस गाठायला निघून गेला होता.

पुढच्या आठवड्यात ते मालेगावला गेले. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. राजूची मुलगी सविता हिने पुस्तक आजीला हौसेने मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं होतं, रोज एक प्रकरण. सातव्यात मधेच तिचा आवाज थांबला. कुसाबाई म्हणाल्या, वाच, थांबू नको. तिने वाचलं. घरात कुणी काही वावगं बोललं नाही. राजू तर आईजवळ बसून रडला.

कुसाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. भावाला त्यांनी पाणी दिलं, जेवायला थांब म्हणाल्या. मग विचारलं, "पुंजानं तुला इचारलं नाय का?"

"विचारलं होतं."

"मंग?"

नाथाभाऊंनी सगळं सांगितलं. ती चिन्हं, उतरवलेल्या फाइली, फोनवर मारलेल्या थापा. कुसाबाई ऐकत होत्या. कॉम्प्युटरचं त्यांना कितपत कळलं कोण जाणे, बाकीचं मात्र कळलं.

"लोक हसतील म्हून तू बोलला नाय," त्या म्हणाल्या. "लाज नाय वाटत मला त्या गोष्टीची. पण ती माझी व्हती. मी पोरांना सांगनार व्हते. कसं सांगायचं, कुठून सुरू करायचं, इतकी वर्सं मनात जुळवत व्हते. आता काय सांगू? त्यायला सगळं माहीतच हाय."

नाथाभाऊ म्हणाले, "ताई, चुकलं माझं."

"हो, चुकलं," त्या म्हणाल्या, आणि पुढची शेंग उचलली.

परतताना ते मनमाडला उतरले आणि तात्यांकडे गेले. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. उरलेल्या प्रती दुकानातून परत मागवतो, नव्या छपाईत ते प्रकरण नसेल, असं ते लगेच म्हणाले.

"म्हणजे बाकीचंही तू वाचलं नव्हतंस," मग ते म्हणाले.

तुझ्या शब्दावर मी पुढचं प्रकरण लिहायला घ्यायचो, एवढंच तात्या बोलले. त्यांनी चहा मागवला, पण स्वतः घेतला नाही.

गणपतीत योगेश आणि तेजस्विनी आली तेव्हा नाथाभाऊंनी सुनेला फाइल दाखवली. तिने एक नजर टाकली आणि म्हणाली, "बाबा, फाइलला काही झालेलं नाही. छपाईवाले वेगळा फॉन्ट वापरतात, तो आपल्याकडे नाही, म्हणून असं दिसतं." तिने टायपिंगवाल्या बाईंना फोन करून तो मागवला, कॉम्प्युटरमध्ये टाकला आणि फाइल पुन्हा उघडली. चहा उकळायच्या आत पडद्यावर स्वच्छ मराठी आलं. योगेश म्हणाला, मला का नाही विचारलंत? योगेशचा त्यात दोष नव्हता, हे नाथाभाऊंना कळत होतं.

ती दोघं परत गेल्यावर नाथाभाऊंनी एकेक प्रकरण उघडून शेवटपर्यंत वाचलं. तात्यांनी खरंच चांगलं लिहिलं होतं. काही ठिकाणी चुकलं होतं: पाण्याच्या टाकीची जागा, एका गार्डचं नाव, संपाच्या वेळी कॉलनीत भाकरी कोण वाटायचं ते. तिसरं प्रकरण वाचताना ते एकटेच मोठ्याने हसले, आणि हे तेव्हाच फोनवर सांगायला हवं होतं, असं वाटून खुर्चीत तसेच बसून राहिले. सगळ्या दुरुस्त्या लिहून त्यांनी त्या तात्यांना पाठवल्या. चार दिवसांनी उत्तर आलं: मिळालं. पुढे काही नव्हतं.

भाऊबीजेला कुसाबाईंनी त्यांना ओवाळलं. करंज्या वाढल्या, गुडघ्यांचं सांगितलं, योगेशची चौकशी केली. निघताना सविता त्यांना बसस्टँडवर सोडायला स्कूटीवरून आली. बसची वाट पाहताना ती म्हणाली, मामाआजोबा, मी आजीला एकदा विचारलं, त्या गावात तुझ्याशी नीट बोलणारं कुणीच नव्हतं का गं?

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, पुस्तकात हाय तेवढंच."