रागी झोपली आहे

यशवंतपूरच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांपासून जरा आत, सिस्टर लोकांची एक लहानशी शाळा होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे यूकेजीच्या मुलांना शिकवायला लागले. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं, पेठेत कापडाचं दुकान. घरात मराठी बोलायचो, पण निम्मे शब्द कन्नड. मोठ्या जावेला मी अक्काच म्हणायचे. चर्चची शाळा तोवर फक्त कुंपणाबाहेरून पाहिलेली. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तेव्हा भिंतीवर मारियामातेची तसबीर होती, तिच्याखाली वाटीत शेवंतीची फुलं, आणि विझलेल्या मेणबत्तीचा मंद वास. सकाळच्या पूजेनंतर आमच्या देवघरात असा वास असायचा. मला उगीचच हायसं वाटलं.

दिवस प्रार्थनेनं सुरू व्हायचा. हात जोडायचे, डोळे मिटायचे, आणि ज्याला जे मागायचं असेल ते मोठ्यानं मागायचं. कोणी आजीचा दुखरा दात बरा व्हावा म्हणून मागायचं, कोणी रस्त्यावरच्या कुत्रीच्या पिल्लांसाठी. एक मुलगा रोज पाऊस थांबू दे म्हणायचा, उन्हाळ्यातसुद्धा. मी डोळे किलकिले करून त्यांच्याकडे बघत राहायचे. खिडकीतून कोवळं ऊन यायचं, त्यात खडूची धूळ तरंगायची, आणि लांब कुठेतरी मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज यायचा. तेवढा वेळ मला आपण नोकरीवर आलो आहोत हे आठवायचंही नाही.

शाळा ज्यांच्या हातात होती त्या सिस्टर मंगळूरकडच्या. सत्तरीच्या आसपास, बारीक अंगाच्या, चालताना एका बाजूला किंचित झुकणाऱ्या. त्या माझ्याशी कोकणीत बोलायच्या आणि मी मराठीत. दोघींनाही अर्ध्याहून जास्त कळायचं, उरलेलं हसण्यावर भागायचं. स्वयंपाकघरामागे त्यांनी एक गाय पाळली होती, आणि त्या साली तिला तांबूस रंगाचं एक वासरू झालेलं होतं.

डिसेंबर लागला तसं एका सकाळी सिस्टरनी मला बोलावलं. नाताळात येशूच्या जन्माचा गोठा मांडतात, त्याच्या भोवती खरं हिरवं गवत हवं. त्यांच्या गावाकडे लहान मुलं ते घरोघरी पेरतात, तसं या वर्षी माझ्या वर्गानं पेरावं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, आम्हीही नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतो. हे ऐकून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी माझा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.

मुलांनी घरून नारळाच्या करवंट्या आणल्या. मी दुकानातून रागी आणली. मराठीत तिला नाचणी म्हणतात हे मला माहीत आहे, पण आमच्या घरी तो शब्द कोणी वापरत नाही. मागच्या बागेतली तांबडी माती करवंट्यांत भरली, प्रत्येकानं चिमूटभर दाणे पेरले, वर पुन्हा माती भुरभुरली. मग सगळ्या करवंट्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात भिंतीच्या कडेनं मांडून ठेवल्या.

वर्गात एक मुलगी होती, सगळ्यांत लहानखुरी. केसांना इतकं तेल की वेण्या ओल्याच वाटायच्या. तिचे वडील जवळच्या एका कारखान्यात कामाला होते. घरी ती तमिळ बोलायची, वर्गात इंग्रजी, आणि काही महत्त्वाचं विचारायचं असलं की माझ्याशी कन्नडमध्ये. पेरून झाल्यावर ती तिच्या करवंटीपाशीच उकिडवी बसून राहिली. मी आत चल म्हटलं, तर तिनं विचारलं, "मिस, ते दाणे आत आत्ता काय करतायत?"

मी म्हटलं, झोपलेत.

तिनं मान डोलावली आणि आत आली. पण त्या दिवशी दुपारी डबे झाल्यावर मुलं बाकांवर डोकी टेकून पडली तेव्हा नेहमीची कुजबुज, ढकलाढकली सुरू झाली, आणि ही उभी राहून सगळ्यांना म्हणाली की रागी झोपली आहे, ती उठेल. वर्ग गप्प झाला. मला वाटलं, हे काही क्षणांपुरतं. पण दुसऱ्या दिवशीही तसंच. मुलं व्हरांड्यातून जाताना चवड्यांवर चालायला लागली. डब्यांची झाकणं हळू लावायला लागली. अक्षरं गिरवताना पाटीवर पेन्सिल करकरली की शेजारचा ओठांवर बोट ठेवायचा. शाळेतला सगळ्यांत दंगेखोर वर्ग असा एकाएकी कुजबुजत्या आवाजात का बोलतोय ते बघायला सिस्टर स्वतः आल्या. मी कारण सांगितलं. त्याही मग मुलांशी अगदी हलक्या आवाजात बोलल्या, आणि जाताना व्हरांड्यात आपल्या चपला हातात घेऊन गेल्या.

ते दिवस आठवले की मला सगळं धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं. सकाळी खरोखरच धुकं असायचं. मुलं माकडटोप्या घालून यायची, नाकाचे शेंडे लाल. फाटकाजवळच्या झाडाला गुलाबी फुलं आलेली, ती गळून वाटेवर पडायची. दुपारी सगळी डोकी बाकांवर, श्वास एका लयीत, आणि मी खुर्चीवर हात मांडीवर ठेवून नुसती बसलेली. घरी माझ्या वाट्याला असा निवांतपणा कधी यायचा नाही. इथे तो लहान मुलांनी दिला होता, आणि तोही रागीसाठी.

मग एका सकाळी कोंब दिसले. दोऱ्याएवढे बारीक, आधी पिवळट, मग बघता बघता हिरवे. आता बोलायला हरकत नाही असं मी जाहीर केलं, तरी काही मुलं दिवसभर हळूच बोलत राहिली. त्यांना ती सवय आवडली असावी. आठवडा संपेस्तोवर करवंट्या दाट हिरव्या झाल्या. मुलं गवतावर तळहात फिरवायची आणि गुदगुल्या झाल्यासारखी हसायची.

नाताळचा कार्यक्रम दोन-तीन दिवसांवर आला असताना, सोमवारी सकाळी मी व्हरांड्यात आले तर मुलं भिंतीपाशी गोळा होऊन उभी. रविवारी कधीतरी वासरू दावं सोडवून आलं होतं आणि त्यानं एकूण एक करवंटी साफ केली होती. काही उपडी पडलेली, काहींत नुसते खुंट. वासरू तिथेच, व्हरांड्याच्या पायरीशी उभं होतं, हनुवटीला माती लागलेली.

एक-दोघं रडायला लागली. मुलांना काय सांगायचं याचा मी विचार करत होते, तेवढ्यात सिस्टर आल्या. त्यांनी सगळं पाहिलं आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा एकदम थकलेला दिसला.

तेलकट वेण्यांची ती मुलगी आपली करवंटी उचलून आत निरखून बघत होती. तिनं मला विचारलं, "मिस, हे गवत आपण कोणासाठी लावलं होतं?"

मी म्हटलं, गोठ्यातल्या बाळासाठी.

"बाळ गवत नाही खात," ती म्हणाली. "वासरू खातं."

मग जरा थांबून, अगदी शांतपणे, तिनं विचारलं की गोठ्यात वासरू असतं ना, मग हेच का नाही उभं करायचं. त्याचं पोट तर आता भरलेलं आहे.

मी सिस्टरांकडे बघितलं. त्यांना कन्नड चांगलं येत होतं, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या मुलीजवळ गेल्या, कष्टानं वाकल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवून "देव बरें करूं" म्हणाल्या. त्यांच्या भाषेत आभार मानायचे ते असे. आणि मग वासराला कानाला धरून स्वयंपाकघरामागे गायीकडे घेऊन गेल्या.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी अंगणात वाळक्या गवतानं शाकारलेला छोटा मांडव होता. हिरवं गवत मांडायचं होतं तिथे नुसती तांबडी माती, आणि पुढे ते वासरू, गळ्यात झेंडूची माळ घालून. माळ मी केली होती. देवदूत झालेल्या मुलांच्या पाठीवर पुठ्ठ्याचे पंख, त्यांतला एक सारखा घसरत होता. सगळं ठीक चाललं. मग चर्चच्या फादरांनी सर्वांना डोळे मिटून शांत उभं राहायला सांगितलं, आणि त्या शांततेत वासरू हंबरलं. आधी वर्गातल्या सगळ्या मुलांनी डोळे उघडले आणि हसावं की नाही म्हणून माझ्याकडे बघितलं. मी सिस्टरांकडे बघितलं. त्यांनी चेहरा ओंजळीत झाकला होता, आणि खांदे हलत होते. मग मीही हसले, आणि मुलं हसली, आणि पाठोपाठ सगळं अंगण.

लोक पांगले, दिवे लागले, तरी त्या मुलीचे वडील आले नव्हते. कारखान्यातून सुटायला त्यांना उशीर झाला असावा. आम्ही दोघी व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. ती थोडा वेळ बोलत होती, मग बोलता बोलता माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली. तिच्या केसांत खोबरेल आणि उदबत्तीचा वास होता. सिस्टर येऊन शेजारी बसल्या, आपली शाल काढून तिच्या अंगावर घातली. लहानपणी आई दूध काढायची तेव्हा आपणही तिच्या पाठीला टेकून अशाच झोपायचो, त्या सांगत होत्या. मी ऐकत होते. काही शब्द कळत होते, काही नाही, आणि मध्ये विचारून त्यांना थांबवावंसं वाटत नव्हतं.

वडील धावतपळत आले, ओशाळून दोघींची माफी मागितली. त्यांनी मुलीला अलगद उचलून खांद्यावर घेतलं. ती जागी झाली नाही. शाल राहू द्या, उद्या आणा, सिस्टर म्हणाल्या. ते फाटकातून बाहेर पडून वळणाआड जाईपर्यंत आम्ही बघत राहिलो. माझी बस कधीच गेली होती. दुसरी येईस्तोवर मी तिथेच बसून होते, आणि माझी मांडी अजून उबदार होती.