अप्पांचं लोहचुंबक आणि उजेडाचा झोत

युरोपातल्या एका प्रयोगशाळेनं मला तीन वर्षांसाठी बोलावलं, आणि मी पुण्याहून गुलबर्ग्याचं तिकीट काढलं. आई गेल्यापासून अप्पा तिथं एकटेच राहतात. त्यांनी ‘नको’ म्हटलं तर जायचं नाही, एवढं ठरवलं होतं.

तुम्ही जाणार असाल तर दिवसाचीच गाडी घ्या. दसऱ्याच्या सुमारास सोलापूर मागं पडलं की खिडकीबाहेर फुललेली तूर, नुसती पिवळी. स्टेशनजवळच्या खानावळीत ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि शेंगाचटणी मागा. खिशाला जड नाही, पण चटणीआधी पाणी मागून ठेवा!

अप्पांचा उभा जन्म डाळमिलमध्ये गेला. निवृत्त झाले तरी खंडेनवमीची पूजा त्यांच्याशिवाय होत नाही. मलाही घेऊन गेले. तेल चोळलेल्या तुरीचा वास आला आणि त्यांचा डबा घेऊन धावत येणारी फ्रॉकमधली मी आठवले. तुरीतले खिळे, तारा ओढून घेणारं लोहचुंबक धुऊन, हळदीकुंकू लावून पाटावर मांडलं होतं.

“अप्पा, औंदा चुलीत घातलं न्हाई का?” एका जुन्या हमालानं विचारलं आणि सगळे हसले.

“काय झालं होतं?” मी विचारलं.

“त्याचं तेलकट निघंना गं,” अप्पा म्हणाले. “पूजंला लख्ख पायजे म्हनून निखाऱ्यात ठिवलं. लख्ख झालं, पर टाचनीबी उचलंना! मालक लई बोलले.”

दुसऱ्या दिवशी आम्ही बीदरच्या बसमध्ये बसलो. हुमनाबादपर्यंत रस्ता हाडं खिळखिळी करतो, पुढं बरा आहे. इतक्या वर्षांत अप्पांना माझं काम सांगता आलं नव्हतं. आता धागा सापडला होता.

“अप्पा, आम्हीपण लोहचुंबक तापवतो. पण निखाऱ्यानं नाही, उजेडानं. पापणी लवेपर्यंत अब्जावधी मावतील इतका छोटा झोत. त्यानं पातळ थरातलं उत्तर-दक्षिण उलटं होतं.”

“मरत न्हाई?”

“नाही. काही धातूंत तर तसाच झोत पुन्हा टाकला की परत पहिल्यासारखं.”

“परत येतंय व्हय?” ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग मी बोलावणं आल्याचं सांगून टाकलं.

“मंग जा की,” अप्पा म्हणाले. “परत येतंय म्हनल्यावर मी कामून अडवू?”

बीदरचा किल्ला निवांत बघा, अर्धा दिवस हाताशी ठेवा. अप्पा तटावर माझ्यापुढं चालत होते, उत्साहानं दरवाजे दाखवत. आम्ही चहा घेतला, नक्षीची एक छोटी डबी घेतली.

पुण्याला परतून होकार कळवला. सगळ्यांनी अभिनंदन केलं. आज सामान बांधायला बसले आणि रडूच फुटलं. परवानगी मागायला गेले होते असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर अप्पांनी ‘नको’ म्हणावं म्हणून गेले होते.