मास्तरांचे नऊ आकडे

मास्तर, बापू, गुरुजी आणि मी अशी चार मराठी डोकी रोज सकाळी गंगेवरच्या रामघाटाच्या एकाच पायरीवर टेकली की किस्से साचायला वेळ लागत नाही. आमच्याकडे तर एकाच गणिताने ढीग लावला!

गणित मास्तरांचं. एक ते नऊ आकडे एकेकदाच वापरून एक संख्या करायची. तिच्या पहिल्या दोन आकड्यांच्या संख्येला दोनाने भाग जायला हवा, पहिल्या तिनांच्या संख्येला तिनाने, असं थेट नवापर्यंत. आम्हाला हे घालून मास्तर मिश्कील हसले आणि चौथ्या दिवशी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. समजायचं मात्र सगळं. डॉक्टर म्हणाले, "इनसे बोलते रहिए, बोली लौट सकती है."

मास्तरांची बायको, आमच्या काकू, आम्हाला म्हणाल्या, "त्यांचं गणित सोडवा रे. त्यासाठी तरी तोंड उघडतील."

झालं! आम्ही लागलो कामाला.

*

रेल्वेतले बापू आठवड्यातच उत्तर घेऊन हजर. मास्तरांनी ऐकलं, मान हलवली. नाही! मी कागद बघितला, तर सात दोनदा.

"अहो बापू, सात दोनदा आलाय!"

"मग? एक डबा जास्त लागला म्हणून गाडी थांबते का?"

*

मी बँकेतली, आकड्यांत मुरलेली. दोन दिवस डोकं शिणवून शोध लावला, की मधला आकडा पाचच हवा. पळत काकूंकडे गेले.

काकू मेथी निवडत होत्या. "ते तर मला कधीच कळलं. आणि दुसरा, चौथा, सहावा, आठवा सगळे सम. बस, चहा टाकते."

इतकी चिडले मी, की चहा न घेता निघाले. दारातून परत आले. चहा चांगला करतात हो!

*

कागद पुरेनात, तेव्हा बापूंनी कोळशाने घाटाची पायरीच भरून काढली. श्रावणात गंगा चढली आणि रातोरात पायरी पाण्याखाली! बापू कपाळाला हात लावून उभे.

नाववाला हसला, "बाबूजी, गंगा मइया ने मिटा दिया, मतलब ग़लत रहा होगा!"

*

शेवटी उत्तर मिळालं ते काकूंनाच, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला. ३८१६५४७२९. आम्ही तिघांनी तीनतीनदा भाग लावून पाहिला. बिनचूक! माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं.

मास्तरांना सांगायचा मान घनपाठी गुरुजींना दिला, वयाने मोठे म्हणून. गुरुजींनी जन्मभर वेद घोकले ते शब्द पुढे-मागे, मागे-पुढे फिरवून. महत्त्वाचं काहीही त्यांच्या तोंडून सरळ येतच नाही. ते मास्तरांच्या उशाशी मांडी घालून बसले, डोळे मिटले आणि खणखणीत सुरू झाले, "तीन-आठ, आठ-तीन, तीन-आठ-एक, एक-आठ-तीन, तीन-आठ-एक! आठ-एक, एक-आठ..."

मास्तर तळमळायला लागले. डावा हात गादीवर आपटला. ओठ थरथरले. गुरुजींचे डोळे मिटलेलेच.

"सरळ... म्हणा... की हो!"

बोलले होते ते मास्तर!

गुरुजींनी ओशाळून पाठ थांबवला. काकू आतून साखरेचा डबा घेऊन आल्या आणि गुरुजींच्या तळहातावर मूठभर साखर ठेवून म्हणाल्या, "म्हणा गुरुजी, पुढे म्हणा. अगदी तस्संच, उलटंसुलटं!"