जिजीचं हिशेबाचं वर्ष

माणसं जाताना देवाचं नाव घेतात, असं ऐकून होते. आमची जिजी माझ्याशी शेवटचं बोलली ते असं : "मंदे, हे मेलं परत अपडेट मागून राहिलं वं. दुपारी ये जरा." ती तिच्या गच्चीवर होती, मी माझ्या. मधे कमरेएवढी भिंत. मी कुरडया उलटवत होते. "येते गं, जेवणं होऊ दे," म्हटलं आणि पुन्हा खाली वाकले. जेवणं झाली, झाकपाक झाली आणि मी गेले, तर जिजी खुर्चीत मान टेकून बसलेली, चष्मा नाकावर तसाच... मला वाटलं, डुलकी लागली. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. त्याला आता दीड महिना होऊन गेला. या दीड महिन्यात मी रडले नाही असं नाही. पण तिची आठवण काढायला बसलं की दर खेपेला आधी हसूच फुटतं, आणि भेटायला आलेल्यांना वाटतं, जाऊ गेली तरी ही बाई हसते कशी! म्हणून हे एकदाचं लिहून टाकते, उगाच गैरसमज नको.

जिजी म्हणजे माझी थोरली जाऊ. बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात आमची दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. मी लग्न होऊन आले तेव्हा तिला 'अहो जिजी' म्हणायची, तर पहिल्याच महिन्यात तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. "चारचौघांत तुम्ही म्हण, चुलीपाशी तू म्हण. तुम्ही तुम्ही ऐकून मले सासू झाल्यासारखं वाटते." तेव्हापासून ती माझी 'तू' झाली. थोरल्या भाऊजींचं कापडाचं दुकान होतं. दुकानाचा हिशेब कम्प्युटरवर आणायची वेळ आली तेव्हा भाऊजींनी कानांवर हात ठेवले आणि जिजी शिकली. पुढे दुकान आवरलं, कम्प्युटर घरी आला आणि त्यासोबत कुठूनशी मिळालेली घरखर्चाच्या सॉफ्टवेअरची सीडी. रोज चार वाजता चहाचा कप घेऊन ती त्याच्यासमोर बसायची आणि दिवसभराचा खर्च मोठ्याने बोलत बोलत लिहायची. माझा हिशेब चहाच्या डब्यात. डब्यात पैसे आहेत म्हणजे आहेत, नाहीत म्हणजे ह्यांच्याकडे मागायचे. त्यामुळे मला तिच्या त्या उद्योगाचं फार नवल वाटे, आणि खरं सांगायचं तर करमणूकही होई.

तिने खाती पाडली होती ती कुठल्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात आली नसती. 'घर' होतं, 'दापोरा' होतं, म्हणजे केळीच्या शेताचं. नात्यातल्या मुली-भाच्यांच्या साड्याचोळ्यांचं 'लेकीबाळी' होतं. 'राजघाट' नावाच्या खात्यात तापीवर जायची रिक्षा, नदीत सोडायचे दिवे आणि येताना खाल्लेली मावा जिलेबी असं सगळं एकत्र. मी एकदा म्हटलं, जिलेबी खाण्यापिण्यात टाक की. तर म्हणाली, "घाटावर गेलोच नसतो तर जिलेबी खाल्ली असती का वं? मंग?" आणि शेवटचं खातं होतं 'उगीच'. सत्तरी आल्यावर घेतलेलं गुलाबी नेलपॉलिश त्यात होतं, न वाजणारी बासरी होती, आणि एकदा एका फुगेवाल्याचे सगळे फुगे होते.

भाऊजी गेले आणि जिजीच्या मागे पुण्याचं लचांड लागलं. नितीन तिचा एकुलता एक मुलगा, पुण्यात मोठ्या नोकरीवर. त्याचं काही चुकत नव्हतं. आई एवढ्या घरात एकटी, लाइटबिल, पाणीपट्टी, शेताचा व्यवहार, त्यात रोज पेपरात म्हाताऱ्या माणसांना फोनवरून फसवल्याच्या बातम्या. "काकू, तुम्हीच सांगा ना तिला, अकेली कशी राहणार ती?" असं तो मला सांगे, आणि जिजी मला सांगे, "पुण्यात त्याचं घर चांगलं आहे. पण तिथं मी पाहुणी. इथं मी मालकीण." दोघांच्या मधे माझं सँडविच. जिजी हसतखेळत बोलायची, पण घर सुटण्याच्या भीतीने तिला जेवण जाईनासं झालं होतं, हे मला दिसत होतं. त्यातच तो जुना कम्प्युटर एक दिवस बसला तो बसलाच. मग मायलेकांत तह झाला. नितीनने नवा कम्प्युटर धाडायचा, त्यावर त्याच सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन घालायचं. ते फोनवरही चालतं, आणि इथे लिहिलं की तिकडे पुण्यात त्याला दिसतं. सगळं सुरळीत दिसतंय तोवर जिजीने बुऱ्हाणपुरात राहायचं. गोंधळ झाला की नितीन येणार आणि तिला घेऊन जाणार. जिजीने मान्य केलं. या वयात परीक्षेला बसली म्हणा ना!

नवं व्हर्जन बसवलं ते दसऱ्याला, मुहूर्त पाहून, कम्प्युटरला झेंडूची माळ घालून. नितीन तिकडे फोनवर, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं चाललेलं. "मम्मी, नेक्स्ट दाब. दाबलं? अरे, आता क्या दिख रहा है, वाचून दाखव." दुरुस्तीवाल्याने बंद कम्प्युटरमधून काढून दिलेली जुनी खाती नव्यात आली खरी, पण सगळी तळाला 'इतर' नावाच्या गाठोड्यात कोंबलेली. वर सॉफ्टवेअरची स्वतःची नावं : मनोरंजन, जीवनशैली, व्यक्तिगत निगा. जिजीने मला विचारलं, "जीवनशैली म्हणजे काय वं? रिक्षा का ब्लाउजपीस?" मला काय कपाळ माहीत! तिने मदतीच्या नंबरावर फोन लावला. तिथल्या गोड आवाजाच्या मुलीला तिने एकेक खातं समजावून सांगितलं. 'उगीच'पाशी त्या मुलीलाच हसू आवरेना. शेवटी खाती वर आणायची युक्ती तिने सांगितली आणि निरोप घेताना म्हणाली, "आंटी, मैं भी एक उगीच बना लेती हूँ." जिजी दिवसभर खूश. एकाच ठिकाणी घोडं अडलं. नव्या व्हर्जनचं वर्ष सुरू व्हायचं एप्रिलला नाहीतर जानेवारीला. तिसरी सोयच नाही. जिजीचं वर्ष आयुष्यभर दिवाळीच्या पाडव्याला सुरू झालेलं. "राहू दे," ती म्हणाली, "त्याचं वर्ष त्याच्यापाशी, माझं माझ्यापाशी." इथे माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती, पण मी आपली चकल्यांच्या तयारीत.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही तिच्याकडेच होतो. नितीनला त्या वर्षी सुट्टी मिळाली नव्हती. आमच्याकडे व्यापारी घरांत त्या दिवशी जुनी वही मिटायची आणि नवी पूजेला लावायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. दुकान गेलं तरी जिजीने रीत सोडली नव्हती. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दर दिवाळीला ती नवी कोरी फाइल उघडायची. नव्यात कोरी फाइल असा प्रकारच नव्हता. खूप शोधल्यावर तिला प्रत्येक खात्याखाली एक बटण सापडलं, 'खाते बंद करा'. सणासुदीला 'बंद' शब्द तिला खटकला, पण हेच ते असणार म्हणून तिने देवाचं नाव घेऊन 'घर' मिटवलं. मग 'दापोरा', 'लेकीबाळी', 'राजघाट'. प्रत्येक वेळी ते विचारी, तुम्हाला खात्री आहे का? आणि ही हात जोडून म्हणे, "आहे बापा, आहे." सगळं मिटवून झाल्यावर तिने कम्प्युटर बंद केला, फोनही चौरंगावर ठेवला, हिशेब आता त्यातही होता ना! त्याला हळदकुंकू वाहिलं, वर फुलं घातली. धणे-गुळाचा नैवेद्य झाला, आरती झाली. बाहेर फटाक्यांनी कान फुटत होते. आमचे हे तर तसेही कमी ऐकतात, आणि माझा फोन माझ्या घरी. पूजेतली वस्तू सकाळपर्यंत हलवायची नाही म्हणून जिजीचा फोन तिथेच फुलांखाली राहिला.

तिकडे पुण्यात नितीनच्या फोनवर एकामागून एक निरोप : 'घर' हे खाते बंद करण्यात आले आहे. 'दापोरा' हे खाते बंद करण्यात आले आहे... शेवटी 'उगीच'सुद्धा. आईला फोन लावला, उचलेना. काकांना लावला, उचलेनात. बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला वाटलं, कुणीतरी आईला फोनवर धरून सगळं लुबाडलं. गाडी काढली ती थेट बुऱ्हाणपूर. पाडव्याच्या सकाळी मी दारात रांगोळी काढत होते, तर हा समोर. डोळे लाल, शर्ट उलटा. पाठोपाठ मीही जिजीकडे धावले. जिजी नवी साडी नेसून नाकात नथ घालत होती. लेकाला बघून तिचा चेहरा असा फुलला, की तेवढ्यापुरती मी बाकीचं सगळं विसरले. नितीन मात्र फुटला. "मम्मी, क्या किया तूने? सगळं बंद करून टाकलं! मी रस्ताभर काय काय विचार करत आलो..."  मग डोळे पुसून म्हणाला, "बस्स. आता काही ऐकणार नाही. बॅग भर, पुण्याला चल."

जिजीचा हात नथीवर तसाच राहिला. मी तिला अशी उघड घाबरलेली कधी पाहिली नव्हती, त्या दिवशी पाहिली. पण ती वाद घालायच्या फंदात पडली नाही. "आधी आंघोळ कर," म्हणाली, "पाडव्याले पारोसा नको बसू." स्वतः त्याला तेल-उटणं लावलं, पन्नाशीकडे झुकलेल्या बाप्याला, आणि तोही मुकाट बसला. फराळाचं ताट पुढ्यात ठेवलं आणि मग कम्प्युटर लावून त्याला शेजारी बसवलं. बंद खात्यांच्या यादीत सगळी खाती जागच्या जागी होती, आतला एक आकडाही हललेला नव्हता. त्याच नावांची नवी खाती तिने त्याच्यासमोर उघडली. सर्वांत वर 'श्री' नावाचं खातं काढलं, तर सॉफ्टवेअर म्हणे, रक्कम टाकल्याशिवाय घेणार नाही. "लोभी आहे मेलं," म्हणून तिने त्यात एक रुपया टाकला आणि नितीनला म्हणाली, "दाब तू. घरच्या पोराच्या हातून होऊ दे." त्याने दाबलं. यादी पुन्हा एकदा वरून खाली बघत म्हणाला, "म्हणजे चूक काही नव्हतीच?" जिजी म्हणाली, "होती ना. तुले सांगितलं नाही, ही चूक. दिवाळीले वही मिटतो आपण, हे तुले आठवत असंल असं वाटलं मले." नितीन असा हसत सुटला, की चकलीचा घास घशात अडकला. पाठीवर थापट्या मारता मारता जिजीने तेवढ्यात डाव साधलाच. "पुढच्या दिवाळीले आला नाही, तर परत बंद करीन बरं!"

त्यानंतर पुण्याचा विषय निघाला नाही. नितीन मात्र दर दिवाळीला आला. जिजीला तर नव्या व्हर्जनची चटकच लागली. काही बदललं की आधी शिव्या घालायची, दोन दिवसांनी गल्लीभर कौतुक सांगत फिरायची. एकदा अपडेट झाल्यावर पडदा काळा आणि अक्षरं पांढरी झाली. "सुतक लागल्यावाणी दिसते, आधी पहिल्यासारखं कर," म्हणून तिने नितीनला भर मीटिंगमधून उठवलं होतं. तिच्या नादाने मीही फोनवर ते घेतलं. महिनाभर लिहिलं आणि परत चहाच्या डब्यावर आले. ती म्हणाली, "तुझं व्हर्जन जुनंच बरं आहे वं." जिजी तिला हवी तशी, तिच्या घरात, तिच्या खुर्चीत मालकिणीसारखी जगली आणि गेली. याचं मला इतकं सुख आहे, की दुःख त्यापुढे फार वेळ टिकत नाही.

दिवसकार्यासाठी नितीन आला तो अजून इथेच आहे. बायको-मुलांना तेराव्यानंतर धाडून दिलं, आणि आपण "थोडं आवरतो आणि निघतो, काकू" म्हणून मागे राहिला. आवरत काहीच नाही. ऑफिसचं काम जिजीच्या खोलीतून करतो. खिडकी सताड उघडी ठेवतो, त्यामुळे येणारी-जाणारी गल्ली त्याच्याशी बोलून जाते. शनिवार-रविवारी दापोऱ्याला जाऊन केळी बघून येतो. मधे बायको येऊन आठवडाभर राहून गेली. मी काही विचारलं नाही. मोठ्या माणसाला काय विचारायचं? काल सकाळी मी कुरडयांचा डबा द्यायला गेले. तो तिच्या खुर्चीत मांडी घालून बसला होता, डोक्याला तेल लावलेलं, समोर लॅपटॉप. डबा घेतला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "काकू, इथलं गॅसचं कनेक्शन माझ्या नावावर करायचं आहे. त्याला काय काय लागतं?"

"आधार कार्ड लागतं," मी म्हटलं, "इथल्या पत्त्याचं."